रेसकारचं पॅनिंग: रियाज जंगली महाराज रस्त्यावर, परीक्षा सर्किटवर

चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या सर्किटवर मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा पुण्याहून निघतानाच एक समजूत पक्की होती. गाडी वेगात, म्हणजे शटरही वेगातच हवा. दिवसभर १/१००० आणि १/१६०० सेकंदाच्या शटरला फोटो काढले आणि रात्री लॉजवर लॅपटॉप उघडला. एकूण एक फोटो शार्प, टायरवरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती. पण एकूण एक गाडी उभी होती! जी गाडी कानाजवळून गेली तेव्हा छातीत धडधडलं होतं, ती फोटोत कुणीतरी रस्त्यावर लावून गेल्यासारखी दिसत होती.

हिशोब केल्यावर कारण कळलं. ताशी २०० किमी म्हणजे सेकंदाला साधारण ५५ मीटर. १/१००० सेकंदात ती गाडी जेमतेम साडेपाच सेंटीमीटर सरकते आणि तिचं चाक दहाएक अंशच फिरतं. चाकाचे आरे गोठलेले, मागचं कुंपण स्वच्छ दिसतंय, मग वेग दिसणार कुठून? तीच गाडी १/६० ला टिपली तर तेवढ्या वेळात चाक जवळजवळ अर्धा फेरा मारतं. कॅमेरा गाडीबरोबर फिरवत ठेवला की गाडी स्वच्छ राहते आणि मागचं सगळं आडव्या रेषांमध्ये ओढलं जातं. यालाच पॅनिंग म्हणतात. सांगायला दोन ओळी पुरतात, हात बसायला काही महिने लागतात.

आपल्याकडे पुणे शहरात कायमस्वरूपी रेस सर्किट नाही. ग्रेटर नोएडाचं बुद्ध असो, चेन्नईजवळचं मद्रास इंटरनॅशनल असो की कोइमतूरचं कारी, जायचं तर रजा, तिकीट आणि मुक्काम आलाच. तिथे मिळतात एक किंवा दोन दिवस. ते शिकण्यात घालवणं परवडत नाही. म्हणून शिकायचं ते इथेच, आपल्या रस्त्यावर. ही तडजोड नाही, कारण हाताच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणचं काम एकच आहे.

हाताला किमी कळत नाहीत

२०० किमी वेगाची रेसकार तुमच्यापासून ५५ मीटरवरून जात असेल, तर ती अगदी समोर येते त्या क्षणी कॅमेरा सेकंदाला सुमारे ५७ अंशांच्या गतीने फिरत असावा लागतो. आता ३६ किमी वेगाने जाणारी एक स्कूटर घ्या, तुमच्यापासून १० मीटरवरून. तिच्यासाठी लागणारी गतीही सेकंदाला ५७ अंशच! कंबर, खांदे, मान यांना समोरून लाखोंची रेसकार चालली आहे की दूध आणायला निघालेली स्कूटर, हे कळतच नाही. त्यांना कळतो तो फक्त कोन. म्हणून जंगली महाराज रस्त्यावर स्कूटर नीट पकडता आली, तर सर्किटवरची गाडीही त्याच हाताने पकडता येते.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. रेषांची लांबी कॅमेरा किती फिरला यावर जशी ठरते, तशी लेन्सवरही ठरते. १/६० सेकंदात कॅमेरा साधारण एक अंश फिरतो. क्रॉप सेन्सरच्या (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २०० मिमी लेन्स असेल, तर एक अंश म्हणजे फ्रेमच्या रुंदीचा सुमारे सातवा भाग, म्हणजे रेषा चांगल्या भरघोस. स्कूटरसाठी ९० मिमी पुरते, पण तिथे तोच एक अंश फ्रेमचा पंधरावा भाग होतो. म्हणून रस्त्यावर सर्किटइतक्याच लांब रेषा हव्या असतील, तर शटर निम्मा करा, १/६० ऐवजी १/३०. याचा फायदा असा की रस्त्यावर तुम्ही सर्किटपेक्षा अवघड शटरवर हात बसवता.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. मागची झाडं लांब असली की रेषा जास्त येतात असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. आपण जागचे हलत नसतो, फक्त फिरत असतो. त्यामुळे जवळची भिंत असो की दूरची इमारत, दोन्ही सारख्याच ओढल्या जातात. पार्श्वभूमी निवडताना अंतरापेक्षा तिच्यात काय आहे ते बघा. कोऱ्या आभाळात ओढण्यासारखं काही नसतंच, त्यामुळे तिथे वेग दिसत नाही. झाडांची पानं, दुकानांची रंगीत शटरं, पाट्या, उन्हाचे कवडसे यांच्या रेषा सुरेख येतात.

रविवारी सकाळी सातला

माझी जागा जंगली महाराज रस्त्यावरची, बालगंधर्व रंगमंदिराच्या बाजूचा फुटपाथ. ही जागा मी तीन कारणांसाठी निवडली. फुटपाथ रुंद आहे, त्यामुळे आतल्या कडेला, रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर उभं राहता येतं आणि पलीकडच्या लेनमधली वाहनं दहाएक मीटरवर मिळतात. सकाळी सूर्य पाठीमागे असतो, म्हणून वाहनांवर समोरून उजेड पडतो. आणि रस्ता एकेरी असल्याने या बाजूने सगळी वाहनं उजवीकडून डावीकडे जातात.

हे तिसरं कारण महत्त्वाचं आहे. बहुतेक सर्किटवर गाड्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावतात. प्रेक्षक ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला असतात आणि त्यांना गाड्या उजवीकडून डावीकडे जाताना दिसतात. उजव्या आणि डाव्या दिशेला शरीर सारखं फिरत नाही. प्रत्येकाची एक बाजू आखडलेली असते, माझी डावी होती. म्हणून आधी सर्किटवर लागणारी दिशा पक्की करा, मग रस्ता ओलांडून पलीकडून सराव करा.

पहिल्या रविवारी फोटो काढू नका. कॅमेरा गळ्यात असू द्या, डोळ्याला लावा, पण बटण दाबायचं नाही. सायकलवाले भरपूर असतात, त्यांच्यावर नुसती नजर धरून फिरायचं. फ्रेमच्या मधल्या बिंदूवर सायकलस्वाराचं हेल्मेट आणायचं आणि ते तिथून हलू द्यायचं नाही. पन्नास-साठ वेळा केलं की कंबरेत एक संथ लय जाणवायला लागते.

उभं कसं राहायचं यावर पॅनिंगचा निम्मा भार आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वाहन ज्या ठिकाणी टिपायचं ती जागा आधी ठरवा, समजा समोरचं एक झाड. दोन्ही पाय खांद्याइतके फाकवून त्या झाडाकडे तोंड करून उभे राहा. आता पाय न हलवता कंबरेतून उजवीकडे वळा, जिकडून वाहन येणार तिकडे. शरीराला पीळ पडेल. वाहन आलं की तो पीळ आपोआप सुटत जातो आणि झाडासमोर येईपर्यंत तुम्ही सर्वांत मोकळ्या, सर्वांत स्थिर अवस्थेत असता. नवशिके नेमकं उलटं करतात. येणाऱ्या वाहनाकडे पाय करून उभे राहतात, मग समोर येईपर्यंत शरीर आखडतं आणि हात झटका देतो.

कोपर बरगड्यांना चिकटलेले असू द्या. डावा तळहात लेन्सच्या खाली, कपाळ कॅमेऱ्याला टेकलेलं. हात नव्हे, कंबरेपासून डोक्यापर्यंतचं सगळं धड एकत्र फिरायला हवं. वाहन दोन-तीन सेकंद आधी फ्रेममध्ये घ्या, अर्धा श्वास सोडा, बटण दाबा आणि दाबल्यावरही फिरत राहा. बॅट्समन चेंडू लागल्यावर बॅट जागच्या जागी थांबवत नाही, पुढे वाहू देतो. इथेही तसंच. बटण दाबताना थांबायची सवय असेल, तर कॅमेरा उघड्या शटरमध्येच मंदावतो आणि फोटो जातो. माझे सुरुवातीचे बहुतेक फोटो याच एका कारणाने गेले.

सेटिंग

शटर प्रायॉरिटी मोड लावा (शटर आपण ठरवायचा, ॲपर्चर कॅमेरा ठरवतो), म्हणजे कॅननवर टीव्ही (Tv), निकॉन-सोनीवर एस (S). आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, १००. फोकस कंटिन्युअस, कॅननवर सर्वो, इतरांकडे एएफ-सी. फोकसचा एकच बिंदू किंवा छोटा झोन घ्या, नाहीतर कॅमेरा मागच्या झाडाकडे पळतो. फोटो बर्स्टमध्ये काढा, एका वेळी पाच-सहा, पण वाहन ठरलेल्या जागी येण्याच्या थोडं आधीपासून. पहिला फोटो बोटाच्या दाबाने हलतो, मधले बहुधा चांगले येतात. कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर मेकॅनिकल लावा, कारण बऱ्याच सेन्सरवर इलेक्ट्रॉनिक शटरमुळे चाकं आणि उभे खांब तिरके होतात.

किट लेन्स असेल आणि तिचा फोकस मागे पडत असेल, तर जुनी पद्धत वापरा. वाहन जिथून जाणार त्या रेषेवरच्या एखाद्या खुणेवर, झेब्रा पट्टीवर किंवा गटाराच्या झाकणावर, फोकस करून मॅन्युअल करून टाका. ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत सोडणारं छिद्र) एफ ८ किंवा एफ ११ ला असेल, तर एवढ्या अंतरावर थोडं पुढेमागे झालं तरी चालतं.

लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर दाबणारी सोय) असेल तर ते आडव्या फिरण्यालाही थरथर समजून अडवू शकतं. कॅननच्या बऱ्याच टेलिफोटो लेन्सवर यासाठी मोड २ असतो, तो फक्त उभी थरथर दाबतो. निकॉनचा व्हीआर, म्हणजे त्यांचं स्टॅबिलायझेशन, नॉर्मल मोडवर पॅनिंग स्वतः ओळखतो. तुमच्या लेन्सवर अशी सोय नसेल तर बंद करा. वीस फोटो चालू ठेवून आणि वीस बंद करून काढा, घरी जाऊन ताडून बघा.

शटरची शिडी वरून खाली उतरा. पहिल्या दिवशी १/१२५. तिथे दहापैकी पाच-सहा फोटो पसंत पडायला लागले की १/६०, मग १/३०. एकदम १/१५ ला उडी मारू नका. तिथे इतकं बिघडतं की काय चुकलं हेच कळत नाही.

सावलीत आणि पावसाळ्यात उजेडाची अडचण येत नाही. पुण्याचे जून ते सप्टेंबरचे ढगाळ दिवस या सरावासाठी मला सर्वांत आवडतात. रखरखीत उन्हात मात्र आयएसओ १०० आणि १/३० ला ॲपर्चर एफ २९च्या आसपास लागतो. एवढा बऱ्याच लेन्सवर नसतोच, आणि असला तरी फोटो मऊ होतो, सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी दिसते. यावर उपाय म्हणजे तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड आठव्या हिश्शावर आणणारी काळपट काच (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). तो लावला की तोच फोटो एफ १० ला येतो. पोलरायझरही दीड-दोन स्टॉप उजेड खातो आणि काचेवरची चमक काढतो. एकच घ्यायचा झाला तर मी पोलरायझर आधी घेईन, तो इतरत्रही कामाला येतो.

मोबाइलवरही सराव होतो. प्रो मोडमध्ये शटर १/३० आणि आयएसओ कमीत कमी ठेवा. ॲपर्चर बदलता येत नसल्याने पहाटेचा मंद उजेडच हवा.

घरी आल्यावर फोटो वाचा

हा भाग बहुतेक जण गाळतात आणि मग महिनोन्‌महिने तीच चूक करत राहतात. नुसतं चांगलं-वाईट म्हणून फोटो पुसू नका. आधी पूर्ण मोठा करून बघा.

सगळ्यात आधी पार्श्वभूमीच्या रेषा पाहा. मागे जे काही स्थिर होतं त्याची रेषा म्हणजे तुमच्या हाताने काढलेली रेघच आहे. सरळ आणि आडवी असेल तर हात सपाट फिरला. वाहन जातं त्या बाजूला उतरती असेल तर फिरताना कॅमेरा खाली गेला, हे जड लेन्सवर होतं. रेषेच्या टोकाला आकडा किंवा शेपटी दिसली तर बटण दाबताना झटका बसला, म्हणजे बोट आपटू नका, हळूच दाबा. रेषा लाटेसारखी असेल तर धडाऐवजी मनगटं फिरवलीत.

मग वाहन पाहा. ते उभं-आडवं दोन्हीकडे धूसर असेल तर बहुधा फोकस चुकला. फक्त रेषांच्याच दिशेने धूसर असेल तर फोकस ठीक आहे, वेग जुळला नाही. हात कमी पडला की जास्त झाला, हे एका फोटोवरून कळत नाही. बर्स्टमधले फोटो एकामागोमाग पटापट उलटा. वाहन फ्रेममध्ये पुढे सरकत जात असेल तर हात मागे पडतोय. मागे मागे येत असेल तर तुम्ही घाई करताय. हेल्मेट पाचही फोटोंत एकाच जागी टिकलं, तर त्या बर्स्टमध्ये निदान एक फोटो उत्तम असणारच.

मी एक छोटी वही ठेवली होती. प्रत्येक रविवारी त्यात एकच चूक लिहायचो, आणि पुढच्या रविवारी फक्त तेवढीच सुधारायची.

बसने शिकवलेला धडा

मधूनच पीएमपीची बस येते. ती आली म्हणून कॅमेरा खाली घेऊ नका, उलट तिच्यावर पॅनिंग करून बघा. बसचा मधला भाग स्वच्छ येतो, पण तोंड आणि शेपूट धूसर. हात चुकला म्हणून असं होत नाही. बारा मीटरची बस दहा मीटरवर असताना तिची दोन्ही टोकं तुमच्यापासून जास्त लांब आणि तिरकी असतात, त्यामुळे त्यांची कोनीय गती मधल्या भागापेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी भरते. कॅमेरा मधल्या भागाच्या गतीने फिरला तर टोकांशी जुळणारच नाही.

याचा उपयोग सर्किटवर होतो. साडेचार मीटरची रेसकार ५५ मीटरवर असली की टोकांचा हा फरक नगण्य होतो आणि गाडी नाकापासून शेपटीपर्यंत स्वच्छ येऊ शकते. म्हणजे कुंपणाला चिकटायची धडपड करण्यापेक्षा मागे जाऊन लांब लेन्स वापरली तर फोटो सोपा होतो. आणि जवळूनच काढायचा असेल, तर गाडीचा कोणता भाग स्वच्छ हवा ते आधी ठरवा. मी ड्रायव्हरचं हेल्मेट धरतो. माणूस स्पष्ट असला की बाकीची गाडी थोडी विरघळली तरी फोटो जिवंत राहतो.

रस्ता आणि सर्किट यांच्या मधली पायरी म्हणजे गो-कार्टिंग. पुण्यात आणि आसपास असे ट्रॅक आहेत. आधी परवानगी विचारा, रिकाम्या वेळी बहुधा हरकत नसते. तिथे एखाद्या गोल वळणाच्या आतल्या बाजूला उभे राहा. वळणाच्या मध्याच्या जवळ असलात की गाडीचं तुमच्यापासूनचं अंतर जवळजवळ बदलत नाही, त्यामुळे हाताची गतीही बदलत नाही आणि फोकसलाही काम उरत नाही. पॅनिंगची सर्वांत सोपी जागा हीच. पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे फॉर्म्युला स्टुडंट संघ (स्वतः छोटी रेसकार बनवणारे विद्यार्थी) आपल्या गाड्यांची चाचणी घेतात, तिथे कुणी ओळखीचं असेल तर नक्की जा. त्या गाड्या बुटक्या आणि उघड्या चाकांच्या असतात. खऱ्या रेसकारचा आकार नजरेत बसवायला याहून चांगली संधी नाही. त्या मुलांनाही फोटो हवेच असतात.

काही गोष्टी मात्र ठामपणे पाळा. द्रुतगती मार्गावर यासाठी गाडी थांबवू नका, ते बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारं आहे. कात्रज घाटाच्या वळणावर कठड्याला टेकून उभं राहू नका. कुणालाही ‘जरा जोरात मार’ असं सांगू नका. खडकी-दिघीकडच्या लष्करी हद्दीजवळ कॅमेरा बाहेर काढू नका. फोटो कुठे टाकणार असाल तर नंबर प्लेट झाकून टाका, आणि कुणी हरकत घेतली तर त्याच्यासमोर फोटो पुसा.

सर्किटवर

पोहोचल्यावर लगेच फोटो सुरू करू नका. पहिलं सराव सत्र चालत घालवा. कुठे कुंपण कमी आहे, कुठे पार्श्वभूमीला झाडी आहे, दुपारी सूर्य कुठे जाईल, ते बघा. सरळ पट्टी टाळा, तिथे गती खूप असते. वळणातून बाहेर पडतानाची जागा धरा. तिथे वेग जरा कमी असतो, गाडी वजनाने एका बाजूला झुकलेली असते आणि प्रत्येक फेरीला त्याच मार्गाने येते. हा रस्त्यापेक्षा मोठा फायदा आहे. स्कूटरवाला कुठूनही जाईल, पण रेसकार जवळजवळ त्याच रेषेवरून पुन्हा पुन्हा येते. दोन-तीन फेऱ्यांत तिची लय तुम्हाला पाठ होते.

सामान्य तिकिटावर जाळीच्या आडूनच फोटो काढावे लागतात. अशा वेळी सावलीतली जाळी शोधा. उन्हात चमकणारी जाळी फोटोवर पांढरट पडदा आणते. संयोजकांनी आखून दिलेल्या हद्दीत राहून जितकं जाळीजवळ जाता येईल तितकं जा, ॲपर्चर शक्य तेवढा मोठा ठेवा, म्हणजे पुन्हा एनडी फिल्टर लागतोच. लेन्सवर फोकस लिमिटर असेल तर जवळचं अंतर बंद करा, नाहीतर फोकस जाळीवर अडकतो. मंद शटरवर कॅमेरा फिरतो तेव्हा जाळीच्या तारा विरघळतात. उरलेला फिकेपणा घरी कॉन्ट्रास्ट वाढवला की जातो.

जड लेन्स दिवसभर हातात धरणं जमत नसेल तर मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड, घ्या. लेन्सची कॉलर (लेन्स मोनोपॉडला जोडणारी कडी) किंचित सैल ठेवा आणि मोनोपॉडसकट कंबरेतून वळा. माझ्या उतरत्या रेषा मोनोपॉडनेच सरळ झाल्या.

सकाळच्या सत्रात १/२५० आणि १/१२५ वर थोडे खात्रीचे फोटो घेऊन ठेवा. संध्याकाळी परतीची गाडी पकडायची असते, तेव्हा हात रिकामा नसलेला बरा. दुपारनंतर १/६० वर या. फ्रेममध्ये गाडीच्या पुढे जागा जास्त, मागे कमी ठेवा. आणि शेवटच्या सत्राची दहा मिनिटं १/३० ला, अगदी धीर धरून १/१५ लासुद्धा द्या. ऊन उतरलेलं असतं, फिल्टर काढून ठेवता येतो, मागच्या झाडीत केशरी उजेड शिरलेला असतो. शंभर फोटोंतले पंच्याण्णव जातील. मी माझ्या दुसऱ्या खेपेला अशाच दहा मिनिटांत काढलेले फोटो रात्री लॉजवर एकामागून एक उलटत बसलो होतो. एका बर्स्टमध्ये लाल हेल्मेट पाच फोटोंत एकाच ठिकाणी होतं, तसूभरही हललं नव्हतं, आणि त्याच्या मागे सगळी झाडी वाहत होती.